वाणीची हुंडी

वाणीला स्वातंत्र्य किती आणि संयम किती, हा प्रश्न श्रावकाचाराला नवा नाही. नवा आहे तो वाणीचा वेग. महाराष्ट्रातील दोन घटना या प्रश्नाच्या दोन बाजू दाखवतात.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या मतामुळे कोणाच्याही जिवाला धोका नव्हता. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. चर्चा किंवा समर्थन कितीही अप्रिय असले तरी त्याला मोकळीक आहे. चिथावणी मात्र निराळी, असा भेद न्यायालयाने केला.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगावी पोहोचली होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. हे संदेश कूटबद्ध असल्याने कंपनीला त्यांतील मजकूर वाचता येत नाही. म्हणून लगाम मताला नव्हे, वेगाला बसला. कोणते मत योग्य, हे ठरवण्याची सत्ता खाजगी कंपनीच्या हाती सोपवण्यापेक्षा हा मार्ग श्रेयस्कर होय.

तथापि मर्यादा पाचांची असली, तरी असत्य पाच घरांत पोहोचतेच. पुढची जबाबदारी पाठवणाऱ्याची. हुंडीच्या पाठीवर सही करणारा ‘मी केवळ पुढे दिली’ असे म्हणून सुटत नाही. जैन आचारशास्त्र हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी तिन्ही प्रकारे मोजते. अफवा पुढे पाठवणे हे किमान अनुमोदन तर खासच. एखादी पेढी बुडाल्याची खोटी वार्ताही अशीच पसरते आणि पिढ्यांची पत एका रात्रीत घालवते.

हित, मित आणि प्रिय वचनाचा आग्रह धरणाऱ्या समाजात प्रत्येक कुटुंबाने एवढा नियम घ्यावा: ज्या वार्तेखाली स्वतःच्या नावाने सही करता येणार नाही, ती पुढे जाऊ नये.