सभेत कोण बोलतो?

सुरतेस २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तेव्हा तेथे शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजी त्यांचे सहकारी. जातिभेद, जादूटोणा यांवर सभेत वाद होई आणि दुर्गाराम त्याचा वृत्तान्त लिहून ठेवीत.

आमच्या गावसभांत ना असा वाद, ना टिपण. दोघेतिघे बोलतात, बाकीचे माना डोलावितात. बायका तर दाराशीच! अमेरिकेतील ऑसबर्न यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात उपाय सांगितला: प्रथम प्रत्येकाने सुचेल ते बोलावे, वेडगळही चालेल, तोवर कोणी नावे ठेवू नयेत. आम्हांस हे पटले होते. परंतु १९५८ साली येल विद्यापीठात पाहणी झाली, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा निरनिराळ्या बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज पुष्कळच अधिक भरली. एकजण बोलत असता दुसऱ्याचे सुचलेले विरून जाते, आणि भिडस्त मनुष्य तोंडच उघडीत नाही.

तेव्हा विहिरीचा वा शाळेच्या छपराचा प्रश्न निघाला, की आधी घरोघर विचार व्हावा. आजीचे म्हणणे नातवाने टिपावे, आणि ते कागद नाव न सांगता सभेत वाचावेत. वाद त्यानंतर खुशाल घालावा.