हप्त्याच्या नावाने येणारी फाईल

पी.एम. किसान योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांनी खात्यात जमा होतात. हप्ता जवळ आला की भामट्यांचाही हंगाम सुरू होतो. ‘ओ.टी.पी. कोणास सांगू नये’ हा उपदेश गावोगावी पोचला आहे. परंतु तो अपुरा आहे. व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाची, शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असलेली फाईल येते. पुष्कळदा ती ओळखीच्याच क्रमांकावरून येते, कारण तो फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो. ती बसवून संदेश वाचण्याची परवानगी दिली की ओ.टी.पी. न सांगताच भामट्यास मिळतो. अशी फाईल बसविली गेल्यास फोनचे इंटरनेट प्रथम बंद करावे व दुसऱ्या फोनवरून बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी कळविल्यास ते गोठविता येण्याचा संभव असतो. शेतकरी मात्र लाजेने दोन दोन दिवस गप्प बसतो. यात दोष केवळ त्याचा नाही. फसलेल्यास चावडीवर हसणारे गावच त्यास गप्प बसविते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने तरी, असा माणूस दारी आल्यास, बोल लावण्याआधी फोन लावून द्यावा.