आंबटपणाची मोजपट्टी

पांढऱ्या शर्टावर वरण सांडते. पिवळ्या डागाला साबण लागताच तो लालभडक होतो आणि शर्ट वाया गेला असे वाटते. पण त्याच डागावर लिंबू पिळले, तर तो पुन्हा पिवळा होतो. हळदीचा हा गुण आहे. साबणासारखा आम्लारी पदार्थ भेटला की ती लाल होते, लिंबासारखे आम्ल भेटले की पुन्हा पिवळी. मात्र आम्ल किती तीव्र आहे, हे हळद सांगू शकत नाही.

ते सांगणारी मोजपट्टी १९०९ साली तयार झाली. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन हे रसायनशास्त्रज्ञ विकरांचा अभ्यास करीत होते. विकरांचे काम द्रावणाच्या आम्लतेवर अवलंबून असते. ही आम्लता हायड्रोजन आयनांमुळे येते. एक लिटर शुद्ध पाण्यात ते एक ग्रॅमचा फक्त एक कोटीवा भाग असतात. असे अपूर्णांक दर वेळी लिहिण्यापेक्षा सोरेन्सन यांनी एक कोटीतील शून्येच मोजली. ती सात. म्हणून शुद्ध पाण्याचा पीएच, म्हणजेच सामू, ७ झाला.

ही पट्टी साधारणपणे ० ते १४ अशी असते. सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी. लिंबाचा रस सुमारे २, दही ४ ते ४.५, दूध ६.६, खाण्याच्या सोड्याचे पाणी ८ च्या थोडे वर आणि चुन्याची निवळी १२ च्या वर.

या आकड्यांत एक मेख आहे. येथे एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, दोन अंकांचा शंभरपट आणि तीन अंकांचा हजारपट.

आता मुलांच्या आवडत्या शीतपेयाकडे पाहावे. कोलाचा सामू २.५ च्या आसपास असतो. दातांवरचे कठीण आवरण साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागते. म्हणजे कोला त्या मर्यादेपेक्षा सुमारे हजारपट आम्ल आहे. जिभेला ते कळत नाही, कारण साखर आंबटपणा झाकून टाकते. जठरातील रस याहूनही तीव्र असू शकतो, पण जठराला आतून संरक्षक अस्तर असते. दाताचे झिजलेले आवरण पुन्हा वाढत नाही. लिंबाचे सरबतही आम्लच, म्हणून असे पेय तासभर घोट-घोट पीत बसू नये. जेवणाबरोबर प्यावे, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास तरी दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ झालेले आवरण ब्रशने अधिक झिजते.

पट्टीचे दुसरे टोकही तितकेच जपण्यासारखे आहे. आंबट नाही म्हणून चुना निरुपद्रवी ठरत नाही. पानाच्या चुन्याची पुडी किंवा डबी मुलांच्या हाती लागते, दाबताच फुटते आणि चुना डोळ्यांत उडतो. अशा वेळी ‘आम्लाने चुना मरतो’ म्हणून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर डोळ्यांत मुळीच घालू नये. त्याने इजा वाढते. डोळा चोळू देऊ नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार लगेच सोडावी, ती किमान पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावी आणि चुन्याचे कण दिसले तर धुऊन काढावेत. मग विलंब न करता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चुना डोळ्यांत जितका वेळ राहील, तितका तो खोल जातो.

म्हणून चुन्याची डबी आणि मोरीतले अ‍ॅसिड या दोन्ही वस्तूंची जागा एकच, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर!