तेंच तेल, तोच हात

ज्या कामांत रोज तेंच करावयाचें असतें त्याचा कंटाळा येऊं नये म्हणून काय करावें, हा प्रश्न शाळामास्तराला नवा नाहीं. मीं स्वतः चौतीस वर्षें ‘देव’ शब्द चालविला. दर जून महिन्यांत नवीं मुलें समोर येत आणि फळ्यावर तेंच ‘देवः देवौ देवाः’ उमटे. परंतु गेल्या वर्षीं हा प्रश्न मला ज्यानें विचारला तो मास्तर नव्हे, तो अंगमर्दनाचा धंदा करणारा आहे. आणि त्याला उत्तर देतां देतां मला माझ्याच घरांतली एक चूक सांपडली. ती वाचकांपुढें मांडणें अवश्य वाटल्यावरून आजचा हा विषय घेतला आहे.

माझ्या पत्नीस दोन वर्षांपूर्वीं अर्धांगवायूचा झटका आला. रुग्णालयांतून घरीं आणल्यावर व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनीं हाताच्या हालचाली शिकविल्या, आणि डॉक्टरांच्या संमतीनें रोज सकाळीं हलक्या हातानें तेल लावण्याचें ठरलें. ह्या कामास माझाच एक जुना विद्यार्थी मिळाला. मुंबईस मर्दनाचें शिक्षण घेऊन व कांहीं वर्षें गणपतीपुळ्याच्या बाजूस एका हॉटेलांत काम करून तो आतां रत्नागिरींत घरोघर जातो. त्याची आई बाळंतिणींना व तान्ह्या मुलांना न्हाऊंमाखूं घालीत असे. माझीं दोन्ही मुलें तिच्याच पायांवर न्हालेलीं.

सकाळीं सहाच्या ठोक्यास तो येई, खोबरेल कोमट करी, तासभर काम करी आणि सातास निघून जाई. चार महिने एक खाडा नाहीं. मग एका सोमवारीं तो आला नाहीं; मंगळवारीं नाहीं, बुधवारींही नाहीं. मी रागानेंच त्याच्या घरीं गेलों. तो ओटीवर बसला होता.

“बरें नाहीं काय रे?”

“बरा आहें, गुरुजी. पण उठवत नाहीं. तेंच तेल, तोच हात. दिवसाला सात अंगें होतात. तिसऱ्या घरीं पोंचेपर्यंत मी कोणाचा पाय चोळतों आहें हेंही ध्यानांत राहत नाहीं. हात चालतो, मी तेथें नसतों.”

त्याचें बोलणें ऐकून मला शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला संवाहक आठवला. संवाहक म्हणजे अंग चेपणारा. हा पाटलिपुत्राचा, चांगल्या गृहस्थाचा मुलगा. संवाहन तो कला म्हणून शिकला होता. उज्जयिनीस आल्यावर तीच त्याची उपजीविका झाली, असें तो दुसऱ्या अंकांत वसंतसेनेस सांगतो. चौसष्ट कलांच्या यादींत अंग चेपणें व केश चोळणें ह्यांतील कौशल्याची गणना आहे, तेव्हां कला हा शब्द त्यानें उगीच वापरलेला नाहीं. परंतु हौसेनें शिकलेली गोष्ट पोटासाठीं रोज करावी लागली कीं तिचा रंग उडूं लागतो. चारुदत्ताच्या पदरीं असेपर्यंत त्याचें ठीक चाललें होतें, आणि त्या धन्याचे गुण तो तोंड भरून सांगतो. चारुदत्त निर्धन झाल्यावर मात्र तो जुगाराच्या नादीं लागला, आणि दहा सुवर्णांच्या देण्यापायीं मार खाऊन पळत सुटला. मन रिकामें झालें कीं तें कोठें जाऊन बसेल ह्याचा नेम नसतो.

मला मास्तरकीची जुनी खोड. मीं तेथेंच निष्काम कर्माचा पाठ सुरू केला. लोकमान्यांचा जन्म १८५६ सालीं ह्याच गांवीं झाला, मंडालेच्या तुरुंगांत त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहिलें, १९१५ सालीं तें प्रसिद्ध झालें, इतपत मजल मीं गांठली. त्यानें सारें ऐकून घेतलें आणि अगदीं सहज विचारलें, “गुरुजी, बाईंच्या हाताला कांहीं गुण आहे काय? सकाळीं हात सैल लागतो. पण दिवसा काम देतो कीं नाहीं, तें मला कसें कळणार?”

मी निरुत्तर झालों. पंधरा दिवसांपूर्वीं भर दुपारीं हिनें त्या हातानें आमटीची वाटी उचलून तोंडास लावली होती. आम्हीं त्या दिवशीं शिरा केला, पुण्यास मुलाला फोन केला, शेजारींपाजारीं सांगितलें. चार महिने ज्यानें तो हात रोज हातांत घेतला, त्याला मात्र कोणींच सांगितलें नव्हतें! फलाची आसक्ति सोड, असा दुसऱ्यास उपदेश करणाऱ्यानें निदान तें फल आपल्या घरांत दडवून ठेवूं नये. फलावरचा हक्क सोडणें हा कर्त्याचा धर्म असेल. तें त्याला न दाखविणें हा आपला धर्म खचित नव्हे.

एवढ्यांत त्याची आई बाहेर आली. मीं तिला विचारलें, “बाई, चाळीस वर्षें हें काम केलेंत, तुम्हांला कधीं कंटाळा आला नाहीं?”

ती हंसली. “येयाचा की, मास्तर. पन बाजारात गेलं की कोन ना कोन दिसतो. म्हन्ते, ह्यो माज्या पायावर न्हायला. मंग दुसऱ्या दिवशी उठवतं.”

तिच्या श्रमांचें फळ गांवांत हिंडतांना तिच्या दृष्टीस पडे. मुलाचें तसें नव्हे. हॉटेलांतला पाहुणा आज तेल लावून घेतो आणि उद्यां पुण्याच्या वाटेला लागतो. त्याची पाठ पुढें दुखली कीं थांबली, कोण सांगणार? माझ्या मतें ह्या धंद्यांतल्या कंटाळ्याचें पहिलें मूळ येथें आहे. ह्यावरून मला सुचलेल्या गोष्टी क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट लक्षाची. तेल ओतल्यानें घडा, कातडें व गाड्याचा आंस जसे टिकाऊ होतात तसें अभ्यंगानें शरीर दृढ होतें, असा दाखला चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पांचव्या अध्यायांत आहे. सुश्रुताचा टीकाकार डल्हण तर तेल कोठवर पोंचण्यास किती वेळ लागतो तें मात्रांनीं मोजतो: केसांच्या मुळांशीं तीनशें मात्रा, त्वचेस चारशें, आणि अशा चढत्या क्रमानें मज्जेपर्यंत नऊशें. मात्रा म्हणजे एक लघु अक्षर उच्चारण्यास लागणारा काळ. तेल अशा रीतीनें मज्जेपर्यंत जातें, असें आजचें शरीरशास्त्र म्हणत नाहीं. परंतु ह्या मोजणींत एक व्यवहाराचें शहाणपण आहे: मोजणाऱ्याचें मन हातापाशीं राहतें. मीं त्याला एक साधी वही दिली आणि दर अंगामागें एकच ओळ लिहावयास सांगितलें. कालच्याहून आज काय निराळें लागलें, एवढेंच. माझी ‘देव’ शब्दांतून सुटका अशीच झाली होती. शब्द तोच होता. पण प्रत्येक मुलगा निराळ्या ठिकाणीं चुकतो, हें टिपूं लागल्यावर वर्ग मला पुन्हा नवा वाटूं लागला.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. आपलें काम हलकें आहे असें ज्याला वाटतें त्याला तें लवकर नकोसें होतें. १८९४ सालीं लंडनमध्यें चार परिचारिकांनीं मर्दन करणाऱ्या स्त्रियांची एक संस्था काढली. तिला १९२० सालीं राजाची सनद मिळाली, आणि आज तीच तेथील भौतिकोपचार करणाऱ्यांची प्रमुख संस्था आहे. अमेरिकेंत टिफनी फील्ड ह्या बाईंनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत अपुऱ्या दिवसांच्या वीस बालकांना दहा दिवस, दिवसांतून तीन वेळां, पंधरा पंधरा मिनिटें मर्दन केलें; इतर तशाच बालकांपेक्षां त्यांचें वजन रोज शेंकडा ४७ नें अधिक वाढलें. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांतल्या डॉक्टरांनीं २००५ सालीं खोबरेल व खनिज तेल ह्यांची तुलना प्रसिद्ध केली, तींत अपुऱ्या दिवसांच्या मुलांना खोबरेलच अधिक मानवलें. हें मीं त्या माउलीस सांगितलें तेव्हां, एवढें मोजून पाहावें लागलें ह्याचेंच तिला नवल वाटलें! मर्दन कोठें करूं नये हें कळणें हाही ज्ञानाचाच भाग होय. वाग्भटानें अजीर्ण असतां अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. आणि एका पायाची पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागली असतां तिला हात न लावतां रोग्यास डॉक्टरांकडे पाठवावें, कारण आंत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. जो एवढें जाणतो त्याला आपण नुसते तेल चोळणारे आहों असें वाटणार नाहीं.

तिसरी गोष्ट त्याच्या स्वतःच्या शरीराची. ज्याला आपण कंटाळा म्हणतों तो पुष्कळदां थकवाच असतो, आणि थकव्यावर उपदेश हें औषध नव्हे. त्याचा उजवा आंगठा कित्येक महिने दुखत होता, पण तें त्यानें कोणास सांगितलें नव्हतें. आंगठ्याच्या जोरापेक्षां अंगाचा भार वापरावा, जेथें शक्य तेथें कोपरापुढचा हात लावावा, आणि उभें राहून हात खालीं सोडला असतां मुठीचीं पेरें टेंकतील इतपत बाकाची उंची असावी, हें तो शिकलेला होता; परंतु लोकांच्या घरीं बाक कोठचें? तो जमिनीवर वांकून काम करी. आम्हीं सुताराकडून एक बाक करून घेतलें. तालमींत पैलवान एकमेकांचें अंग रगडतात, तेथें पाळी फिरते. घरोघर जाणाऱ्याचें अंग कोण रगडणार? म्हणून त्यानें आपल्या धंद्यांतल्या एका मित्राशीं रविवारची अदलाबदल ठरविली. सातांचीं पांच अंगें केलीं. त्यानें मिळकत घटली, ती भरून निघावी म्हणून आम्हीं व दुसऱ्या दोन घरांनीं मोबदला वाढविला. हा खर्च पूर्वींच करावयास हवा होता.

गुरुवारीं तो आला. काम आटोपून निघणार तोंच हिनें त्याला थांबविलें, आणि चहाचा पेला उजव्या हातानें त्याच्यापुढें केला. हात थरथरत होता. बशींत थोडा चहा सांडला. तो कांहीं बोलला नाहीं. पेला घेऊन तो प्रथमच आमच्याकडे खुर्चीवर बसला. चार महिन्यांत त्याला बसावयास कोणीं सांगितलें नव्हतें, हेंही मला तेव्हांच उमगलें.

त्याचा कंटाळा कायमचा गेला असें मी म्हणणार नाहीं. अजून कधीं कधीं त्याच्या वहींत नुसती तारीख असते. परंतु तीन दिवस घरीं बसण्याची पाळी पुन्हा आली नाहीं.

ज्यांच्या घरीं कोणी अंगास तेल लावावयास येतें, बाळबाळंतिणीस न्हाऊं घालतें, किंवा आजाऱ्याचा हातपाय धरतें, त्यांना एकच विनंति आहे. गुण आला तर पुण्याच्या मुलाआधीं तो त्यांना सांगा. आणि ज्या बाईनें तुमच्या मुलास पायांवर घेऊन न्हाऊं घातलें, तिला तें मूल चालूं लागल्यावर एकदां नेऊन दाखवा.