जॅझचा वारसा : सूर ओळखीचे, वादक अनोळखी

दरवर्षी ३० एप्रिल रोजी जगभर आंतरराष्ट्रीय जॅझ दिन साजरा होतो. 'युनेस्को'ने २०११ मध्ये तशी घोषणा केली आणि २०१२ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. पुणे-सोलापूर महामार्गावरील वरवंडसारख्या गावाला या दिवसाचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी विचारील. मात्र, ज्याने 'ईना मीना डीका' ऐकले आहे, त्याच्या कानांवर जॅझचे संस्कार केव्हाच झाले आहेत. विस्मरण झाले आहे ते हे संस्कार घडविणाऱ्यांचे.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय कलावंतांनी घडविलेले हे संगीत मुंबईत रुजले ते हॉटेलांतील मैफलींमुळे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबे यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्डही तेथे वाजवू लागले. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या तरुणांनी हे नवे संगीत आत्मसात केले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय नाव.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतील रात्रीच्या मैफली रोडावल्या. वादकांना आधार मिळाला तो चित्रपटसृष्टीचा. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी या वादकांचे सामर्थ्य अचूक हेरले. १९५१ च्या 'अलबेला'तील ट्रम्पेटचा डौल हा या सहकार्याचाच परिपाक होय. मराठी संगीतकाराची चाल आणि गोमंतकीय वादकांचे जॅझ यांचा तो संगम होता.

येथेच अन्यायाचे मूळ आहे. संगीतकार चाल बांधी. पण कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवावे, हे कागदावर उतरविण्याचे काम वाद्यवृंद संयोजकाचे असे. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी ते वर्षानुवर्षे केले. श्रेयनामावलीत मात्र त्यांना क्वचितच योग्य स्थान मिळाले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यामुळे गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना दिलेली ती मानवंदना होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

जॅझची जाहीर दखल घेण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू झाली. ग्रेगरी बूथ यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथासाठी चित्रपट वाद्यवृंदांतील वादकांच्या मुलाखती घेतल्या. परंतु असे काम व्यक्तींच्या जिद्दीवर सोडून चालणार नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. जुन्या चित्रपटांच्या नोंदींत संयोजक व वादकांची नावे समाविष्ट करण्याचे काम तेथून सुरू होऊ शकते. त्या पिढीतील बहुतेक कलावंत आज हयात नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांकडील आठवणी आणि कागदपत्रेही काळाच्या ओघात नाहीशी होण्यापूर्वी हे घडायला हवे. तसे झाले तरच जॅझ दिनाच्या उत्सवाला अर्थ प्राप्त होईल.