घरचा वैद्य : तोंड आले असता

तोंड आले म्हणजे भूक असूनही घास घेववत नाही. जिभेवर अथवा ओठांच्या व गालांच्या आतल्या बाजूस उठणारे हे पांढुरके व्रण बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप भरून येतात. तोवर दाह शमविणे एवढेच घरगुती उपायांचे काम होय.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. व्रणावर साजूक तूप लावावे. जाईची कोवळी पाने चघळून थुंकून टाकण्याचा प्रघातही अनेक घरांत आहे. आहारात दूधभात, मऊ खिचडी असे सौम्य पदार्थ असावेत. तिखट, आंबट व फार ऊन काही घेऊ नये. वरचेवर तोंड येत असल्यास लोह, फोलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्व यांची उणीव आहे काय, हे तपासून घ्यावे. टोकदार दात गालास घासत असेल तर तो दंतवैद्याकडून नीट करून घ्यावा.

तान्ह्या मुलाच्या तोंडास मधातून टाकणखार लावण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी. टाकणखार पोटात जाणे बालकास घातक ठरते व एक वर्षाच्या आतील मुलास मध वर्ज्य आहे.

तीन आठवड्यांत न भरणारा व्रण कोणीही अंगावर काढू नये. तंबाखू वा सुपारी खाणाऱ्यांनी तर मुळीच नाही. तो कर्करोगाचा आरंभ असू शकतो. असा व्रण प्रारंभी दुखतोच असे नाही, म्हणूनच त्याकडे काणाडोळा होतो. घरातील वडीलधाऱ्यांस याविषयी आवर्जून विचारावे आणि शंका येताच डॉक्टरांकडे न्यावे.