ओळखपत्राविना राजवाड्यात

दूरचित्रवाणीसाठी बेतलेले नाताळी प्रेमपट अमेरिकेत हॉलमार्क वाहिनीने रुजवले. तोच साचा उचलून नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ आणला आणि संभाजीनगरात रजईत बसूनही तो मोबाइलवर पाहता येऊ लागला. न्यूयॉर्कची पत्रकार अँबर आल्डोव्हिया नावाच्या काल्पनिक राज्यात राजकन्येची शिकवणीबाई बनून शिरते. कुणी साधं ओळखपत्रही मागत नाही! सिडकोतल्या अपार्टमेंटचा वॉचमनसुद्धा वहीत नाव-नंबर लिहून घेतो. राजवाडा मात्र अस्सल दिसतो, कारण तो रुमानियातला पेलेश किल्ला आहे. राजपुत्र रिचर्ड देखणा आहे. त्यापलीकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. चित्रपट तरतो तो धाकट्या राजकन्या एमिलीमुळे. मणक्याच्या जन्मजात विकारामुळे कुबड्या घेऊन चालणारी ही पोर कुणाची कीव मागत नाही. खोड्या काढते, अँबरचं बिंग ओळखते आणि वर तिलाच साथ देते. रिचर्ड दत्तक असल्याचं गुपित फुटतं, त्यावरचा तोडगा असलेला कागद ओकफळाच्या आकाराच्या शोभेच्या वस्तूत सापडतो आणि दीड तासात सगळं मार्गी लागतं. मराठी मालिकेने याच कागदावर सहा महिने काढले असते, मध्ये दोन ‘महाएपिसोड’ही घातले असते. खटकतं ते वेगळंच. छावणीतल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे करंज्या-चकल्यांचा घाणा, तळणीपाशी बसलेल्या बायका. आल्डोव्हियात सण नुसता सजावटीत दिसतो, त्यामागे राबणारे हात जवळपास दिसतच नाहीत. तरी पुढे २०१८ मध्ये अँबर-रिचर्डचं लग्न आणि २०१९ मध्ये बाळ, असे आणखी दोन भाग निघालेच.